चार मात्रा मागे

१

दोष इरिये सेन्सेईंचा, म्हणजे गुरुजींचा, आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी नशीब, थंडी, माझे कान असल्या गोष्टींवर ढकलायला नको. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पांढरे केस मागे चापून बसवलेले, बोलणं साखरेत घोळवलेलं, आणि त्यानं मला समजून उमजून पुढे केलं. म्हातारं झालं की माणूस निर्दोष होतो असं आमच्या फुकुयामात सगळ्यांना वाटतं. मला वाटत नाही.

मी तोकुनागा काझुमा, वय तेवीस. तोक्योच्या एका संगीत महाविद्यालयात दोन वर्षं चेलो शिकलो आणि सोडून दिलं. का सोडलं हे इथे महत्त्वाचं नाही. आमच्या घरी जेवताना मात्र दुसरा विषयच नसायचा. बाबा म्हणायचे, "दोन वर्षं चार तारा घासल्यास. आता कारखान्यात जा, तिथे तेरा असतात."

गेलो. कोतो हे आडवं ठेवून वाजवायचं तेरा तारांचं वाद्य; ते बनवणाऱ्या कारखान्यात माझं काम म्हणजे किरी नावाच्या हलक्या लाकडावर लालभडक लोखंड फिरवणं. लाकूड करपून तपकिरी होतं, रेषा वर येतात, धूर नाकात बसतो. मधल्या वेळेत मी तारा चढवायला शिकलो आणि वाजवायलाही. वाईट वाजवत नव्हतो. खरं सांगायचं तर चेलोपेक्षा बरं.

नोव्हेंबरमध्ये इरिये सेन्सेई दुरुस्तीसाठी एक कोतो घेऊन आले आणि मालकांना म्हणाले, "तुमच्याकडे पाच रेषांची पाश्चात्त्य स्वरलिपी वाचणारा पोरगा आहे म्हणे."

मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. सेन्सेईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. जनावर विकत घेताना बघतात तसं.

"मार्चमध्ये आमच्या घराण्याचा कार्यक्रम आहे. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, एकट्या कोतोवर. बसशील?"

"आणि मला काय मिळेल?"

मालक खोकले. सेन्सेई हसले. "नाव मिळेल."

नाव म्हणजे घराण्याचं नाव. ते नसेल तर कोतो कितीही चांगला वाजवा, शिकवणीला कुणी येत नाही, मंचावर कुणी बसवत नाही. लोक ते मिळवायला पंधरा-वीस वर्षं घालवतात. मला चार महिन्यांत मिळणार होतं. मी हावरट होतो. पण हावरटाला आमिष दाखवणारा शहाणा होता, हे विसरू नका.

२

रोज दुपारी दोन वाजता मी त्यांच्या घरी जायचो. आठ चटया मावतील एवढी खोली, शेकोटी नाही, कारण गरम हवेनं लाकूड तडकतं. एका भिंतीवर शिष्यांच्या नावांच्या लाकडी पाट्या ओळीनं टांगलेल्या. शेजारच्या खोलीत कापडी खोळी घातलेले सहा कोतो भिंतीला टेकून उभे. दोन खोल्यांच्या मध्ये सरकता कागदी दरवाजा.

सेन्सेई स्वतः वाजवत नसत. सांधेदुखी. तीस वर्षं नखी बोटात घातली नाही म्हणे. ते समोर बसून तोंडानं बोल म्हणायचे, तोन, तेन, शान, आणि मांडीवर ताल धरायचे. अधूनमधून संत्रं सोलायचे. साल कुठेही न तुटता एका लांब पट्टीत उतरायची. सांधे दुखणाऱ्या माणसाची बोटं अशी चालत नाहीत, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. 

धून एका जर्मन माणसाची, तीनशे वर्षांपूर्वीची. मुळात दोन आवाजांची. पहिला आवाज निघतो, आणि चार मात्रा गेल्या की दुसरा तेच खालच्या पट्टीत म्हणत त्याच्या मागून चालायला लागतो. शेवटपर्यंत हा पुढे, तो मागे. सेन्सेईंनी मला दिलेल्या वहीत मात्र एकच आवाज होता, पहिला.

"दुसरा कुठे गेला?" मी विचारलं.

"एका कोतोवर दोन आवाज म्हणजे गोंगाट. आपल्याला शांतता वाजवायची आहे."

ऐकायला छान वाटतं. अशी वाक्यं म्हातारे राखून ठेवतात.

कोतोवर हे संगीत बसवणं हे हमालीचं काम आहे. तेरा तारा, प्रत्येकीखाली एक सुटी घोडी. घोडी जिथे, सूर तिथे. आमच्या धुनींना एकदा घोड्या लावल्या की झालं. या जर्मन धुनीत मधेच नवे सूर लागतात, म्हणून उजवा हात वाजवत असताना डाव्यानं घोडी पकडून सरकवायची. जरा चुकलं की घोडी पडते आणि बंदूक उडाल्यासारखा आवाज होतो. वहीत अशा सतरा जागा लाल शाईनं खुणावलेल्या होत्या. सुंदर काम होतं. कुठे बोटाला फुरसत आहे हे ज्यानं शोधलं, त्याला कोतो आतून माहीत होता.

रियाज झाला की घोड्या काढून पेटीत ठेवायच्या, कोतो उभा करायचा, खोळ घालायची. हा नियम.

डिसेंबरच्या एका शनिवारी मी माझ्या कोतोवर कारखान्यातून आणलेल्या कोऱ्या तारा चढवल्या. एकदाही घोडी लावली नाही. खोळ घालून घरी गेलो. सोमवारी खोळ काढली तर तारांवर खुणा होत्या.

घोडी दाबून बसते तिथे तारेवर बारीकसा खळगा पडतो. मी रोज बघतो, मला तो अंधारातही बोटाला कळेल. तेरा तारांवर तेरा खळगे. मी पेटीतून घोड्या काढल्या आणि त्या खळग्यांवर उभ्या केल्या. तारा छेडल्या.

माझी जुळणी नव्हती. दुसऱ्या आवाजाची होती.

३

कुबोई-सान या सेन्सेईंच्या सर्वांत जुन्या शिष्या. एकाहत्तर वर्षांच्या, बटबटीत लाल चष्मा, तोंडाला खीळ नाही. मी त्यांना दारात गाठलं.

"रविवारी माझा कोतो तुम्ही वाजवलात का?"

"मी? अरे, मला माझाच उचलवत नाही. तुझा कशाला उचलू?"

"मग कुणी?"

"रविवारी घर बंद होतं. सेन्सेई मुलीकडे ओकायामाला गेले होते." त्या बूट घालता घालता थांबल्या. "तुला कुठला दिलाय? सात नंबरचा?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि बुटाची पट्टी पुन्हा पुन्हा लावत राहिल्या.

मी हट्टानं तिथेच उभा राहिलो. शेवटी त्या बोलल्या. त्या वहीतलं अक्षर सेन्सेईंचं नव्हे. साकाकी चिनामी नावाची शिष्या होती, तीस वर्षांपूर्वी, माझ्याएवढीच. तिनं ती धून दोन कोतोंसाठी बसवली. सेन्सेई पहिला आवाज वाजवायचे, ती दुसरा, सात नंबरच्या कोतोवर. कार्यक्रमपत्रिकेत आपलं नाव छापा म्हणाली.

"मग?"

"मग काय? घराण्यात रचना प्रमुखाच्या नावावर जाते. पद्धत आहे. ती ऐकेना. सेन्सेईंनी पाटी उतरवली."

"आणि तिचं पुढे काय झालं?"

"कुणास ठाऊक."

"तीस वर्षांत तुम्ही कुणी विचारलं नाही?"

कुबोई-सान माझ्यावर वैतागल्या. "विचारून काय झालं असतं? तू नवीन आहेस, काझुमा. पाटी उतरली की त्या माणसाबद्दल बोलायचं नसतं. बाकीच्या पाट्या सरकवून घ्यायच्या, म्हणजे मधे भोक दिसत नाही."

एवढं बोलून त्या बाजारात मुळा आणायला गेल्या.

४

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सेन्सेई टपालघरात गेले होते आणि मी एकटा वाजवत होतो. दुपारचे तीन. कागदी दरवाजावर स्वच्छ ऊन.

चौथ्या मात्रेनंतर शेजारच्या खोलीत काहीतरी ठक् झालं. मग पुन्हा. मी वाजवत राहिलो. ठकठक चालू राहिली. मी थांबलो. ती आणखी चार मात्रा चालली आणि थांबली.

मी डोकं वापरलं. माझी तार थरथरली की शेजारच्या कोतोच्या तारा थरथरतात. हे मला माहीत आहे. पण त्या कोतोंवर घोड्या नव्हत्या. घोड्यांशिवाय तेराही तारा एकाच जाड, बसक्या आवाजात बोलतात, त्यातून धून निघूच शकत नाही. आणि धून नव्हतीच ती. सूर नसलेली नुसती लय होती. माझीच लय. उंदीर असता तर धावला असता. पाईप असता तर माझ्यासाठी थांबला नसता.

मी उठून दरवाजा सरकवला. सहा खोळी भिंतीला टेकून उभ्या. थंड हवा, जुन्या कापडाचा वास. एकेका खोळीवर हात ठेवून बघितला. माझ्या सातव्या कोतोची रिकामी खोळ खाली घडी करून ठेवलेली होती. मी तर ती नेहमी चुरगळून टाकतो.

कान वाजत असतील, असं मी स्वतःला सांगितलं. तोक्यो सोडल्यापासून झोप नीट नव्हती. चार दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो आणि चारही दिवस ती लय येत होती, रोज चार मात्रा मागे. पाचव्या दिवशी मी सेन्सेईंना सांगितलं. हसतील किंवा ओरडतील असं वाटलं होतं.

त्यांनी संत्रं खाली ठेवलं.

"किती मात्रांनी?"

 ओरडले असते तर बरं झालं असतं.

"चार," मी म्हणालो.

"मग अजून वेळ आहे."

"कशाला वेळ आहे?"

"हळूहळू जवळ येते. एका मात्रेवर आली की थांबायचं. मी थांबलो होतो."

"आणि नाही थांबलं तर?"

"मला काय माहीत? मी थांबलो होतो." त्यांनी संत्र्याची फोड माझ्यापुढे केली. "घे. गोड आहे."

त्याच क्षणी उठून जायला हवं होतं. मी ती फोड खाल्ली.

५

फेब्रुवारीच्या सुरुवातीला तीन. अखेरीला दोन. दोन मात्रांवर वाजवणं म्हणजे कुणीतरी टाचेवर पाय ठेवत मागून चालावं तसं. मी घाईनं वाजवायला लागलो. सेन्सेई तोंडानं बोल म्हणताना मधेच अडखळायचे आणि घाम पुसायचे. बिनशेकोटीच्या खोलीत.

"हळू," ते म्हणायचे. "पळू नकोस. पळालास की तिला कळतं."

"सेन्सेई, दुसरा आवाज तुम्ही वाजवा ना. दोघं बसू. मागची जागा भरलेली असली तर कदाचित..."

"माझे सांधे."

"तुमच्या सांध्यांना काही झालेलं नाही."

एरवी शिष्यानं असं बोलल्यावर त्याला पाटीसकट हाकललं असतं. त्यांनी नुसतं संत्रं सोलायला घेतलं. नंतर म्हणाले, "दोनवर आहे ना? कार्यक्रम निघेल. आणि मी पहिल्या रांगेत असेन. एकवर आली की माझ्याकडे बघ. मी खूण करीन, तू नमस्कार करून उठ. बाकी मी सांभाळीन."

हे त्यांचं वचन. शब्द असेच्या असे देतो आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्या शिष्यांसमोर माझी पाटी हातात दिली. नवं नाव, काळी शाई, अजून ओलसर वास. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा आले होते, अंगात लग्नातला सूट. माझ्या जन्मात पहिल्यांदा ते माझ्याकडे बघून मान डोलावत होते.

मी लाकडात काम करतो. पाटी हातात घेताच कळलं की ती हलकी आहे. कडेनं बघितली तर बाकीच्या पाट्यांपेक्षा नखभर पातळ, आणि पृष्ठभागावर रंध्याच्या ताज्या खुणा. खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. शाई किरीत खोल मुरते. माझ्या नावाखाली फिकट राखाडी रेघा होत्या, माझ्या नसलेल्या.

"सेन्सेई, ही जुनी पाटी आहे."

"चांगलं लाकूड आहे," ते म्हणाले. "फुकट का घालवायचं?"

६

दुपारी एक वाजता सभागृह जवळपास भरलेलं. लाल कापडावर मी आणि कोतो. पत्रिकेत छापलं होतं: रचना, इरिये. मी नखी चढवल्या, घोड्या तपासल्या, पहिल्या रांगेत बघितलं. सेन्सेई बरोबर मधे, शेजारी कुबोई-सान, मागे बाबा.

मी सुरू केलं.

दोन मात्रांनी ठकठक आली. इथे शेजारची खोली नव्हती, भिंतीला टेकलेले कोतो नव्हते. आवाज माझ्याच कोतोच्या पोटातून येत होता, डाव्या बाजूनं. लोक ऐकत होते का? चेहऱ्यांवरून कळेना. कोतो ऐकताना आमचे लोक तसेही मेल्यासारखे बसतात.

पाचव्या लाल खुणेच्या वेळी ती दीड मात्रेवर होती. नवव्या लाल खुणेला एकवर.

ठरल्याप्रमाणे मी सेन्सेईंकडे बघितलं.

त्यांनी माझ्या नजरेला नजर दिली. त्यांना कळलं होतं, कारण त्यांचे ओठ बोल म्हणत होते आणि माझ्या नाही, तिच्या मात्रेवर हलत होते. मग त्यांनी मांडीवरचा उजवा हात जरासा उचलला आणि बोटं पुढे फिरवली. दोनदा. चालू ठेव. चालू ठेव.

मी तेव्हाही उठू शकलो असतो. मागे बाबा बसले होते त्या सूटमध्ये. मी उठलो नाही.

दहावी लाल खूण. आम्ही दोघं एकाच मात्रेवर आलो आणि क्षणभर ठकठक ऐकू येईनाशी झाली. संपलं असं वाटलं.  बाराव्या खुणेची घोडी सरकवायला डावा हात सातव्या तारेकडे नेला.

घोडी आधीच सरकलेली होती.

घोडीच्या डाव्या अंगाला, जिथे सूर चढवायला आपण दोन बोटांनी तार दाबतो, तिथे सातवी तार खाली वाकलेली होती. दोन बोटांच्या रुंदीचा खळगा. तार थरथरत होती, बोट थरथरतं तशी. माझा हात तिच्यापासून वीतभर दूर होता.

मग तार सुटली आणि पुढचा सूर वाजला. स्वच्छ, पूर्ण, माझ्या आधी. माझा उजवा हात त्याच्या मागून गेला. मी नेला नाही. चार मात्रा मागे, अगदी बिनचूक, शेवटच्या सुरापर्यंत तो मागून चालत राहिला, आणि मी तो बघत बसलो.

टाळ्या खूप वाजल्या. बाहेर कुणीतरी बाबांना म्हणालं, "एकटा मुलगा आणि दोघं वाजवत असल्यासारखं वाटलं हो!" बाबांनी वाकून आभार मानले.

पडद्यामागे सेन्सेई आले. मी त्यांची कॉलर धरली. एवढ्या हलक्या माणसाला धरण्यात काही मजा नसते.

"तुम्ही खूण करणार होतात."

"केली की," ते म्हणाले.

७

एप्रिलमध्ये कुबोई-सान कारखान्यात नखी बसवून घ्यायला आल्या. चेरीच्या पाकळ्या त्यांच्या टोपीवर.

"ऐकलंस का? सेन्सेई वाजवायला लागले परत! तीस वर्षांनी! सांधे अगदी मोकळे झाले बघ. सकाळ-संध्याकाळ बसतात. देवाची कृपा."

"कृपा कुणाची ते तुम्हाला माहीत आहे."

"तू ना, तोंडानं फार वाईट आहेस, काझुमा," त्या म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता.

मी एकदाच त्या घरी गेलो. फाटकापाशीच त्यांचा कोतो ऐकू आला. चांगले वाजवतात, खोटं कशाला बोलू. मला बघून थांबले, संत्र्यांची टोपली पुढे सरकवली. माझी पाटी ओळीत होती.

"ती वही तुझ्याकडेच राहू दे," ते म्हणाले. "जपून ठेव. पाच रेषांची लिपी वाचणारी पोरं पुष्कळ असतात, आणि नाव सगळ्यांनाच हवं असतं. आज ना उद्या एखादा येईल."

असं शांतपणे सांगितलं. वारसा देतात तसं.

वही मी दुसऱ्या दिवशी लोखंड तापवायच्या भट्टीत टाकली. कुणावर उपकार म्हणून नाही. इरियेंनी लावलेली साखळी माझ्या हातून पुढे जाऊ नये म्हणून. लाल खुणांची पानं शेवटी जळाली. टाकताना मला माहीत होतं की आता हे उतरवून दुसऱ्याच्या अंगावर घालायची वाट बंद झाली.

कारखान्यात नवा कोतो तयार झाला की तो वाजवून बघायचं काम माझं असतं. मी नखी चढवतो, हात तारेवर ठेवतो, आणि हात तिथेच राहतो. मालकांनी एक तार छेडली तर चार मात्रांनी मीही छेडतो. मालक म्हणतात, "काय रे, माझी नक्कल करतोस?" ते जेवायला गेले की मी एकटा असतो. बाजूला आठ-दहा कोतो रांगेत, अजून तार न चढवलेले, नुसती करपवलेली लाकडं. मी हात ठेवून बसतो. थोड्या वेळानं त्या लाकडांतून पहिला सूर येतो.

त्या दिवसानंतर एकही सूर मला पहिला वाजवता आलेला नाही.